लेओव्हर किती तासांचा ते नंतर, आधी इमिग्रेशन ओलांडायचं आहे का ते बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत पहिल्या परदेशी खरेदीवारीचं बजेट कसं काढायचं ते बघितलं. त्यात ट्रान्झिट व्हिसाचा मुद्दा मी दोन मिनिटांत आटोपला, कारण तो बोलून नीट पोचत नाही. समोर लिहिलेलं असलं की सावकाश वाचता येतं, आणि तिकीट काढताना परत उघडून बघता येतं. म्हणून हा लेख.

आपल्या वाकोल्याच्या बॅचमध्ये मोबाइल ॲक्सेसरीजवाले असतात, इमिटेशन ज्वेलरीवाले असतात, खेळणी आणि किचनवेअरवाले असतात. बहुतेकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते, की एकदा तरी कॅन्टन फेअरला जायचं. चीनच्या ग्वांगझू शहरात १९५७ पासून हे प्रदर्शन भरतं. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. प्रत्येक वेळी तीन टप्पे, प्रत्येक टप्पा पाच दिवसांचा, आणि प्रत्येक टप्प्यात माल वेगळा. म्हणजे तुमच्या मालाचे दिवस फक्त पाच. वाटेत अडकून त्यातले दोन गेले तर काय होतं, ते दुकानदाराला वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न असा की हे अडकणं होतं कुठे? चीनचा व्हिसा आपण सगळे मन लावून काढतो. पण ज्या देशात फक्त विमान बदलायचं आहे, त्याचा विचार कोणी करत नाही. "आपण तर बाहेर पडणारच नाही ना सर, मग व्हिसा कशाला?" हा प्रश्न दर बॅचला येतो. उत्तर सरळ आहे: बाहेर पडायचं की नाही हे तुम्ही ठरवत नाही, तुमचं तिकीट ठरवतं.

आधी ही रेषा समजून घ्या

प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानतळावर इमिग्रेशन नावाची एक रेषा असते. तिच्या अलीकडे तुम्ही ट्रान्झिट प्रवासी. पलीकडे पाऊल टाकलं की तुम्ही त्या देशात शिरलात.

लोकलचं उदाहरण घ्या. सांताक्रूझहून निघालात आणि ठाण्याला जायचं आहे. दादरला उतरता, पूल चढून मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर जाता. स्टेशनच्या बाहेर पडलाच नाहीत. हा झाला साधा ट्रान्झिट. पण कुर्ल्याला उतरून एलटीटीवरून लांबची गाडी पकडायची असेल, तर कुर्ला स्टेशनातून बाहेर येऊन रिक्षाच करावी लागते. इच्छा असो वा नसो.

विमानतळावर बाहेर यायला व्हिसा लागतो, एवढाच फरक. काही देशांत तर पूल ओलांडायलाही व्हिसा लागतो. त्यांच्याकडे पुढे येतोच.

तिकिटातल्या चार गोष्टी तुम्हाला बाहेर काढतात

पहिली, वेगवेगळी तिकिटं. मुंबई ते बँकॉक एका कंपनीचं आणि बँकॉक ते ग्वांगझू दुसऱ्या स्वस्त कंपनीचं, दोन वेगळे पीएनआर. अशा वेळी पहिली कंपनी तुमची बॅग बहुतेक वेळा बँकॉकपर्यंतच घेते. तिथे इमिग्रेशन ओलांडायचं, पट्ट्यावरून बॅग उचलायची, वर जाऊन पुन्हा चेक-इन करायचं. म्हणजे तुम्ही थायलंडमध्ये शिरलात. बुकिंग ॲपवर 'सेल्फ ट्रान्सफर' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच.

दुसरी, वेगळा विमानतळ. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन आहेत. इस्तंबूलला एक युरोपच्या बाजूला, दुसरा साबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. टोकियोला नारिता आणि हानेदा. आता आपल्याकडेही सहार आणि नवी मुंबई असे दोन झालेत. समजा एखादा परदेशी माणूस सहारला उतरला आणि त्याचं पुढचं विमान नवी मुंबईहून असलं, तर तो भारतात न शिरता तिथे पोचेल का? तसंच तुमचं. तिकिटावर शहराचं नाव एकच दिसतं, म्हणून विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावा. उतरायचा आणि चढायचा कोड सारखाच हवा.

तिसरी, वेगळं टर्मिनल. सगळीकडे अडचण नसते, बऱ्याच ठिकाणी आतून बस किंवा ट्रेन असते. पण क्वालालंपूरला टर्मिनल १ आणि टर्मिनल २ या वेगळ्या इमारती आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जायला बाहेर येऊन ट्रेन किंवा बस घ्यावी लागते. म्हणजे मलेशियाचं इमिग्रेशन आलंच.

चौथी, रात्रीचा मोठा लेओव्हर. चौदा-सोळा तास खुर्चीत काढणं पहिल्या दिवशी जमेल असं वाटतं. सहाव्या तासाला हॉटेल आठवतं. हॉटेल रेषेच्या पलीकडे असेल तर व्हिसा पाहिजे. काही विमानतळांवर आतच ट्रान्झिट हॉटेल असतं, पण ते महाग असतं आणि आधी बुक करावं लागतं.

आपल्या लोकांच्या नेहमीच्या वाटा

२०२० मध्ये बंद झालेली भारत-चीन थेट विमानसेवा २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगझू विमानाने पुन्हा सुरू झाली. तरी मुंबईतून बरेच जण हाँगकाँग, बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गेच जातात. एकेक घेऊ.

हाँगकाँग. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पूर्वी भारतीयांना हाँगकाँगला काहीच लागत नसे. २३ जानेवारी २०१७ पासून आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तिला प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन म्हणतात. फुकट असते, हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर होते, सहा महिने चालते, आणि एका वेळी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. नोंदणीची पावती ए-४ कागदावर छापून जवळ ठेवायची.

विमानातून उतरून आतल्या आत दुसरं विमान पकडणार असाल तर ही नोंदणी लागत नाही. पण आपले बरेच जण हाँगकाँगला उतरून वेस्ट कौलूनहून हायस्पीड ट्रेनने ग्वांगझूला जातात. ट्रेन स्वस्त, वेळेवर, सगळं खरं. मात्र विमानतळातून स्टेशनला जायचं म्हणजे हाँगकाँगमध्ये शिरायचं. खिशात चीनचा व्हिसा आहे आणि ही फुकटची नोंदणी नाही, एवढ्यावरून माणूस सहारच्या काउंटरवरच अडकू शकतो. आणि नोंदणी नामंजूर झाली तर रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, त्याला काही आठवडे जातात. म्हणून ती आदल्या रात्री करायची गोष्ट नाही, तिकीट काढण्याआधी करायची.

इथेच आणखी एक मेख आहे. चीनचा व्हिसा सिंगल एंट्री असेल आणि मधे एक दिवस हाँगकाँगच्या बाजाराला चक्कर मारून परत ग्वांगझूला यायचा बेत असेल, तर तो बेत सोडा. हाँगकाँग चीनचाच भाग असला तरी तिथे जाताना तुम्ही मुख्य भूमीतून बाहेर पडता. एंट्री संपली. परत शिरायला नवा व्हिसा. असा कार्यक्रम असेल तर डबल किंवा मल्टिपल एंट्री मागा.

थायलंड. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली, पण राहण्याची मुदत आणि अटी त्यानंतर बदलल्या आहेत. त्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी काय चालू आहे ते बघायचं. शिवाय १ मे २०२५ पासून इमिग्रेशन ओलांडणाऱ्याला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. तेही फुकट असतं. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही, समजून जा.

मलेशिया. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा नाही. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे. इथेही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं.

सिंगापूर. आपल्याला व्हिसा लागतो. चांगी विमानतळावर आतल्या आत विमान बदललं आणि बॅग थेट पुढे गेली तर प्रश्न नाही. बाहेर पडायचं असेल तर ९६ तासांची एक ट्रान्झिट सवलत आहे, पण ती सगळ्यांना नाही. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा वैध व्हिसा हवा, आणि ९६ तासांच्या आत तिसऱ्या देशाला जाणारं पक्कं तिकीट हवं. त्यामुळे ज्याची पहिलीच परदेशवारी आहे, त्याने ही सवलत आपल्यासाठी नाही असंच धरून चालावं.

दुबई. आफ्रिकेला किंवा युरोपला माल पाठवणाऱ्यांची ही वाट. बाहेर पडायचं असेल तर ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा फुकट आणि ९६ तासांचा ५० दिरहॅमला, असे दोन प्रकार आहेत. मात्र ते तिथल्याच विमान कंपनीमार्फत आणि निघण्याआधी घ्यायचे असतात. उतरल्यावर काउंटरवर जाऊन मागायचे नाहीत.

व्हिडिओत दिसणारे '२४० तास' आपले नाहीत

युट्यूबवर परदेशी पोरं सांगतात, "चीनमध्ये दहा दिवस व्हिसाशिवाय फिरलो." खोटं बोलत नाहीत ती. चीनने १७ डिसेंबर २०२४ पासून २४० तासांचा ट्रान्झिट विनाव्हिसा केला आहे. पण तो ठरावीक पन्नासेक देशांच्या पासपोर्टना आहे, आणि त्या यादीत भारत नाही. आपल्याला लागू होतो तो २४ तासांचा नियम. त्यातही पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं किंवा प्रदेशाचं पाहिजे. मुंबई-ग्वांगझू-मुंबई असं जाऊन त्याचा फायदा मिळत नाही.

यातून एक सवय लावून घ्या. व्हिसाचा कुठलाही व्हिडिओ बघताना, माझासुद्धा, पहिला प्रश्न विचारा: बोलणाऱ्याचा पासपोर्ट कुठला? दुसरा प्रश्न: व्हिडिओ कधीचा?

जिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो

अमेरिकेत आतल्या आत ट्रान्झिट हा प्रकारच नाही. मेक्सिकोला किंवा ब्राझीलला जाताना न्यूयॉर्कला दोन तास थांबायचं असलं तरी इमिग्रेशन करावंच लागतं, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा पाहिजे. वाकोल्याहून बीकेसीतला अमेरिकन वाणिज्य दूतावास जवळ आहे, पण तिथली तारीख जवळची मिळेलच असं नाही. कॅनडात ट्रान्झिट व्हिसाला फी नाही, पण अर्ज करावा लागतो. लंडनला विमान बदलायलाही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचा वैध व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळू शकते.

युरोपात शेंगेन देशांची गंमत वेगळी. एकाच शेंगेन विमानतळावर विमान बदलणं वेगळं आणि दोन शेंगेन विमानतळांवर बदलणं वेगळं. मुंबई-फ्रँकफर्ट-पॅरिस-न्यूयॉर्क असं तिकीट असेल तर फ्रँकफर्ट ते पॅरिस हा त्यांच्या हिशेबात घरातल्या घरातला प्रवास. म्हणजे फ्रँकफर्टलाच तुम्ही युरोपात शिरलात, आणि पूर्ण शेंगेन व्हिसा पाहिजे.

नियम किती बदलतात याचं उदाहरणही युरोपातलंच. जर्मनीत नुसतं विमान बदलायला भारतीयांना कितीतरी वर्षं ट्रान्झिट व्हिसा लागत होता. जानेवारी २०२६ मध्ये जर्मन चान्सलर मेर्त्झ भारतात आले, तेव्हा त्यातून सूट जाहीर झाली. जाहीर होणं आणि लागू होणं यात मात्र अंतर असतं. बातमीचं कात्रण काउंटरवर चालत नाही. दूतावासाच्या वेबसाइटवर काय लिहिलंय ते चालतं.

काउंटरवरचा माणूस एवढा कडक का?

कारण दंड त्याच्या कंपनीला बसतो. कागद पूर्ण नसलेला प्रवासी नेला तर बहुतेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि त्याला परत आणण्याचा खर्चही तिच्याच माथी मारतात. म्हणून चेक-इनला ते आयाटाच्या टायमॅटिक नावाच्या प्रणालीत तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग टाकून बघतात. तिथे 'नाही' आलं की संपलं. "माझ्या एजंटने सांगितलं होतं" याला तिथे किंमत नाही, आणि त्याच्याशी भांडूनही उपयोग नाही. बऱ्याच विमान कंपन्या आपल्या वेबसाइटवर याच माहितीवर चालणारी तपासणी ठेवतात. जी तपासणी ते निघायच्या रात्री करणार, ती तुम्ही तिकिटाचे पैसे भरण्याआधी घरी बसून करा.

आता धंद्याचा हिशेब

समजण्यासाठी आकडे धरू. एकाच पीएनआरचं जाऊन-येऊन तिकीट ४२,००० रुपये. दोन तुकड्यांत काढलं तर ३५,०००. वाचले ७,०००. आनंद झाला. आता दुसऱ्या स्वस्त कंपनीत बॅगेचे वेगळे ३,५००. रात्रीच्या लेओव्हरला हॉटेल ४,०००. टॅक्सी आणि जेवण १,५००. झाले ९,०००. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आणि हे सगळं सुरळीत झालं तर. पहिलं विमान तीन तास उशिरा पोचलं आणि दुसरं सुटलं, तर वेगळ्या तिकिटावर दुसरी कंपनी जबाबदार नाही. त्यांच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. नवीन तिकीट तुमच्या खिशातून, त्या दिवशीच्या भावाने. एकाच पीएनआरवर असाल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असते. तो जास्तीचा पैसा मी विम्यासारखा धरतो.

वेगळी तिकिटं कधीच काढू नका, असं माझं म्हणणं नाही. मधल्या देशात विनाव्हिसा शिरता येत असेल, फक्त हातातली बॅग असेल आणि मधे भरपूर वेळ ठेवला असेल तर जरूर काढा. पण हिशेब मांडून काढा.

सॅम्पल घेऊन जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना

इमिग्रेशनची रेषा ओलांडली की मागोमाग कस्टम्स येतं. म्हणजे त्या देशात काय न्यायला बंदी आहे, तेही तुम्हाला लागू. आपल्या बॅचमधल्या मसालेवाल्या ताईंनी हे नीट वाचा: खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी घातलेला पदार्थ आहे. तिच्यावरून अटक होऊ शकते. आपल्या मालवणी किंवा गरम मसाल्यात खसखस असू शकते. लंडनच्या ग्राहकाला दाखवायला नेलेलं पाकीट दुबईत विमान बदलताना बॅगेत असणं हा धोका घेऊच नका. थोडीच आहे, मसाल्यात मिसळलेली आहे, हे तिथे ऐकून घेतीलच असं नाही. सिंगापूरला चघळायची तंबाखू चालत नाही, हेही लक्षात असू द्या. खिशातली पुडी घरी ठेवून जा.

पैसे भरण्याआधी एका कागदावर हे लिहा

१. मी कुठे कुठे उतरणार? प्रत्येक थांब्याचा विमानतळ कोड. उतरायचा आणि चढायचा वेगळा.

२. पीएनआर एक की दोन?

३. बॅग शेवटपर्यंत जाणार का? कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी उत्तर धरू नका.

४. टर्मिनल तेच आहे का? बदलत असेल तर आतून जाता येतं का?

५. यातल्या कुठल्याही उत्तरामुळे मी रेषा ओलांडतो का? 'हो' असेल तर त्या देशाचा नियम भारतीय पासपोर्टसाठी काय आहे, हे इमिग्रेशन खात्याच्या किंवा दूतावासाच्या वेबसाइटवर बघा. सापडलेल्या पानाची तारीख बाजूला लिहा.

६. 'नाही' असेल तरी थांबू नका. हा देश नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा मागतो का, ते बघा.

७. परतीचा मार्ग वेगळा तपासा. येताना थांबा बदलतो आणि एंट्री संपलेली असते, हे लोक विसरतात.

८. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने आहे का? कोरी पानं आहेत का?

९. निघण्याआधी तीन दिवस हेच सगळं पुन्हा एकदा बघा, कारण मधल्या काळात नियम बदललेला असू शकतो.

एजंटकडून तिकीट काढत असाल तरी हा कागद तुम्हीच भरा आणि त्याच्यासमोर ठेवा. चांगला एजंट खूश होईल. "अहो काही लागत नाही, जा बिनधास्त" म्हणणाऱ्याला तेच वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून द्यायला सांगा. तो लिहून देतो की विषय बदलतो, त्यावरून काय ते कळेल.

वाकोल्याहून सहारला रात्री रिक्षाने फार वेळ लागत नाही. पण काउंटरवरून परत पाठवलेल्या माणसाला तीच रिक्षा फार लांबची वाटते. घरून नारळ फोडून निघालेला असतो, स्टेटस टाकलेलं असतं, सप्लायरला वेळ दिलेली असते, आणि उसने घेतलेले पैसे तिकिटात अडकलेले असतात. हे सगळं वाचवायला एक कागद आणि एक तास पुरतो.

पुढच्या व्हिडिओत प्रदर्शनात सप्लायरशी पहिल्या दिवशी काय बोलायचं आणि ॲडव्हान्स कधी द्यायचा नाही, ते बघू. तोपर्यंत तुमच्या ठरलेल्या मार्गाचा कागद भरून ठेवा. बॅचला येणाऱ्यांनी तो सोबत आणा, एकत्र बसून तपासू.